उजवा दिवा लागला!

मी वडशाच्या बाबूभाईंची अ‍ॅम्बेसेडर बोलतेय. बोलणं माझ्या स्वभावातच आहे. नुसतं दार लावलं तरी मी दोन शब्द ऐकवते. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आला की नाटकमंडळी माझ्यातून गावोगाव फिरतात. राणी आणि खलनायक मागच्या सीटवर शेजारी बसून भजी खातात, हे मी रोज पाहते.

यंदा आरटीओत माझं पासिंग होतं. "यावेळी नापास झाली तं भंगारात देऊन टाकू, जमीला," बाबूभाई बायकोला म्हणाले. "माह्यानं आता होत नाई." ते ऐकून मी उन्हातसुद्धा गार पडले.

तरी त्यांनी मला रंगवून घेतलं. रंगारी कोण, तर नाटकाचे पडदे रंगवणारा लोकेश! त्याने मला पांढरीशुभ्र केली. मी मिरवले. पण दुसऱ्याच दिवशी मागचा उजवा इंडिकेटर बंद.

मग अंगणात कसरत सुरू झाली. बाबूभाई आत बसून बटण दाबायचे आणि जमीलाबी मागे उभ्या राहून ओरडायच्या, "नाई लागला!" बल्ब बदलला. "नाई लागला!" फ्यूज बदलला, चंद्रपुराहून नवा फ्लॅशर आणला. "अजून नाई लागला!" शेजारी येऊन सल्ला देऊन, चहा पिऊन गेले. मला सगळं कळत होतं, पण सांगू कशी? दुखणं पोटात नव्हतंच, अंगावर होतं.

शेवटी वैतागून बाबूभाईंनी बटण तसंच चालू ठेवलं आणि मागे येऊन दिवाच काढला. तो हातातून निसटून तारेवर लोंबकळला आणि त्याची पत्र्याची पाठ माझ्या बंपरला टेकली. टिक-टिक, टिक-टिक!

"अजी, लागला! लागला!" जमीलाबी नाचायच्याच बाकी होत्या.

गलका ऐकून आलेल्या लोकेशने दिव्यामागची जागा पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "भाऊ, इथी मीच रंग मारला. परद्यावर कोरी जागा राह्यली का लोकं शिट्ट्या मारतेत. म्हून दिवा काढून स्क्रूच्या भोकातबी ब्रश फिरवला."

अहो, दिव्याची एक तार दिसते. दुसरी तार म्हणजे माझं अंग. उघडं लोखंड लोखंडाला भिडल्याशिवाय वीज परत जाणार कशी? डाव्या दिव्याचा स्क्रू निघालाच नाही, म्हणून तो लोकेशच्या कलेतून वाचला. बिचाऱ्याने आपलाच रंग जड मनाने घासून काढला. "काम चांगलं होतं रे," बाबूभाई म्हणाले, "जास्तच चांगलं होतं."

पासिंगच्या मैदानात साहेब माझ्या मागे उभे राहिले. "उजवा दाखवा." बाबूभाईंनी बटण दाबलं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत फाटकाजवळून जमीलाबींचा आवाज मैदानभर घुमला, "लागलाऽऽ!" ट्रकवाले हसले, साहेबही हसले, आणि मी पास झाले!

आज मंडळींना घेऊन मी मुलचेऱ्याच्या वाटेवर आहे. उजवं वळण आलं की ऐटीत उजवा दिवा मारते. माझं एवढंच मागणं आहे: म्हाताऱ्या गाड्यांना जरूर रंगवा, लाड करा, पण दिव्यामागे नखाएवढं लोखंड उघडं राहू द्या. आणि दिवा लागला, की मोठ्याने सांगा. आम्हाला ऐकू येतं.