शत्रुपक्षातली नऊ वर्षं

बढतीच्या यादीत तीन नावं होती, आणि रोसेंदा ग्वांतायचं नाव त्यांत नव्हतं. सार्जंटची फीत मिळाली ती लेओपोल्दोला. हा गावातला दातांचा डॉक्टर. पथकात येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि भाला कसा धरायचा हे त्याला रोसेंदानेच शिकवलं होतं.

"कप्तान, माझी नऊ वर्षं कुठे गेली?" तिने भर सभेत विचारलं.

म्हाताऱ्या कप्तान बास्तियानने शांतपणे नियमावली उघडली. स्वातंत्र्ययुद्धातली जुनी लढाई दरवर्षी मैदानात खेळून दाखवणारं हे पथक स्थापन करताना त्याने स्पेनविरुद्ध लढलेल्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका पलटणीचे नियम जसेच्या तसे उतरवून घेतले होते. एक शब्द बदलला नाही, हे तो येईल-जाईल त्याला सांगे.

"कलम बारा. 'ज्याने शत्रूच्या रांगेत शस्त्र धरले, त्यास युद्ध चालू असेतो फीत देऊ नये.' तू नऊही वर्षं स्पेनच्या राजाकडून लढलीस, रोसेंदा. मी काय करू?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"लढले? दर वर्षी मेले मी! पहिल्या वर्षी हात कोणी जोडले होते? 'कोणीतरी हरायला हवं, पोरी, आणि धावत्या घोड्यावरून तुझ्यासारखं पडणं कुणाला जमत नाही.' तुमचेच शब्द."

"खरं आहे. पण नियम तो नियम."

"आणि हे युद्ध संपणार कधी?"

कप्तान खरोखरच विचारात पडला. "दर जूनला असतं ना ते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, लढाईच्या सकाळी, रोसेंदाने राजाच्या स्वाराचा डगला तबेल्यातल्या खिळ्याला अडकवला आणि साधा लोकरी पोंचो पांघरून कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यासोबत मरणारे चौघे होते. "आम्ही काय जन्मभर बिनफितीचेच राहायचं?" म्हणत त्यांनीही डगले उतरवले. कप्तान आपल्या स्वारांना एकेक करून विचारत फिरला. डगला कोण घालणार? घातला की कलम बारा लागू.

"मी घातला असता हो," लेओपोल्दो म्हणाला, "पण कालच तर फीत मिळालीय."

मैदानाभोवती सारं खोरं लोटलं होतं. शाळेचे मास्तर लाउडस्पीकरवर ओरडले, "तो पाहा, शत्रू येतोय!" ओढ्याकडून एक कुत्रं आलं.

"घाबरू नका, एकटंच आहे!" कोणीतरी ओरडलं, आणि गर्दी खो खो हसली.

शरमेने कान लाल झालेला कप्तान कुंपणापाशी आला. "डगला घाल. पुढच्या वर्षी बघू."

"कलम आता खोडा."

"त्याला सभेचं मत लागतं."

"मग घ्या. सभा तिथे घोड्यांवर बसून डोंगरातल्या थंडीने कुडकुडतेय."

मत घेतलं. कलम खोडायच्या बाजूने बावीस भाले वर गेले. लेओपोल्दोचा जरा उशिरा गेला, पण गेला. कप्तानने पेनाने कलमावर रेघ मारली आणि घाईघाईने लाउडस्पीकर हातात घेतला. "रोसेंदा ग्वांताय, सार्जंट! चला, आता सुरुवात—"

"असं नाही," रोसेंदा म्हणाली. "काल लेओपोल्दोच्या सेवेची नोंद वाचून दाखवलीत. माझीही वाचा. वर्षावार."

नोंदवही आणावी लागली. कप्तान वाचू लागला. पहिलं वर्ष, शत्रूचे पाच पडले. दुसरं, शत्रूचे पाच पडले. तिसरं, तेच. चौथ्या वर्षी घोड्यावरून पडताना रोसेंदाचं गळ्याचं हाड मोडलं होतं आणि दोन महिने तिला स्वतःचे केससुद्धा विंचरता आले नव्हते. ते पान काढून कप्तान थबकला.

"वाचा," रोसेंदा म्हणाली.

"शत्रूचे पाच पडले," तो हळू आवाजात म्हणाला. "एक जरा उशिरा उठला."

"मोठ्याने."