खिडकीखालची ओळ

माउंट नेबो चर्चची एक रीत आहे. कुणी गाण्याची ओळ उचलली की तिला उत्तर मिळतंच. ओळ उचलणाऱ्याचा गळा फाटका असो, उत्तर देणारा बेसूर असो की पेंगत असो, ओळ अधांतरी सोडायची नाही. अलाबामातल्या या एवढ्याशा गावात माणसांनी एकमेकांशी वर्षानुवर्षं अबोला धरला, पण रविवारी एकमेकांच्या ओळीला उत्तर दिलं. म्हणूनच आपण काय केलं होतं, ते व्हर्डेल क्रम्प्टनला पुरतं कळत होतं.

एकोणीसशे त्रेसष्टच्या मे महिन्यात गावातली काळी पोरं वर्ग सोडून समान हक्कांच्या मोर्चात गेली आणि पोलिसांनी त्यांना जत्रेच्या मैदानावरच्या गुरांच्या गोठ्यांत कोंडलं. तुरुंगात जागाच उरली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी चर्चनं त्यांचा पहिला सत्कार केला. पाद्री म्हणाले, "जे गेले होते, ते उभे राहोत." नेमकी तेव्हाच व्हर्डेल उठली होती, बाकावरून बाहेर पडणाऱ्या एका म्हाताऱ्याला वाट द्यायला. टाळ्या पडल्या. शेजारणीनं रडत मिठी मारली. खाली बसायला एक क्षण पुरला असता, पण व्हर्डेलबाई बसल्या नाहीत. पुढे दर मे महिन्यात उभ्या राहिल्या. दर वर्षी गोष्टीत थोडी भरही पडत गेली: गोठ्यातला गारठा, मक्याची गार लापशी. खोटं बोलायलाही सराव लागतो. तो झाला.

या वर्षी शाळेच्या संगीत शिक्षिका कॉर्लिस बीटी यांनी त्या दिवसांवर गाण्यांचं नाटक बसवलं. व्हर्डेलच्या भूमिकेत होती तिची पंधरा वर्षांची नात जनेसा. प्रसंग असा: शाळेच्या खिडकीखाली मोर्चाला निघालेली तिची मैत्रीण ओझेला येते आणि ओळ उचलते, 'उजाडलंय, बाहेर कोण येतं?' खिडकीतून व्हर्डेल उत्तर देते, 'मी येते, मी येते,' आणि धावत खाली उतरते.

खरी ओझेला टब्स चाळीस वर्षं क्लीव्हलंडला राहून गेल्या हिवाळ्यात गावी परतली होती. शनिवारच्या तालमीला ती पर्स मांडीवर घट्ट धरून पुढच्याच बाकावर बसली. प्रसंग संपल्यावर कॉर्लिसनं कौतुकानं विचारलं, "मिस ओझेला, असंच झालं होतं ना?"

"मला काय विचारतेस, पोरी? मी खाली होते. वर कोण होतं तिला विचार."

सगळे हसले. व्हर्डेलही हसली, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. बाहेर गाडीपाशी तिनं ओझेलाला गाठलं.

"एवढे दिवस बोलली का नाहीस गं?"

"मी कशाला बोलू? लाज तुझी आहे. तूच वागव तिला." ओझेलानं गाडीचं दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत जनेसाच्या जुन्या धाटणीच्या फ्रॉकची बटणं लावता लावता व्हर्डेल म्हणाली, "बाळा, ती ओळ आली ना, की तू उत्तर देऊ नकोस."

"म्हणजे? मग मी काय करू?"

"बाकावर बसून राहायचं. वहीत बघत. मी तेच केलं होतं."

जनेसा गर्रकन वळली. "आज्जी, मी भर वर्गात तुझ्यावर भाषण केलंय! तो गोठा, ती लापशी..."

"ओझेलाची. ते सगळं ओझेलाचं."

"पण का नाही गेलीस तू?"

आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जायची, तिचं काम गेलं असतं, हे उत्तर व्हर्डेलनं कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं. पण ओझेलाची आईही स्वयंपाकालाच जायची. "भ्याले," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

जनेसानं उरलेली बटणं स्वतःच लावली. आजीला हात लावू दिला नाही.

चर्च खच्चून भरलं होतं. बायकांच्या टोप्यांमुळे मागच्यांना काही दिसत नव्हतं. खिडकीचा प्रसंग आला. खालच्या पोरीनं ओळ उचलली, 'उजाडलंय, बाहेर कोण येतं?' जनेसा वहीत बघत बसून राहिली. कॉर्लिस पियानोवर थबकली. पोरगी वाक्य विसरली असं सगळ्यांना वाटलं, आणि चर्चला काही राहवलं नाही. मागून एका म्हाताऱ्यानं सुरुवात केली, "मी ये..."

"थांबा!" व्हर्डेल उभी राहिली होती. "कुणी उत्तर देऊ नका. मी दिलं नव्हतं. मी गेलेच नव्हते. पंचवीस वर्षं तुमच्या टाळ्या घेतल्या, त्या माझ्या नव्हत्या."

ज्या शेजारणीनं तेव्हा मिठी मारली होती, ती बाकावर किंचित पलीकडे सरकली. व्हर्डेलनं ते पाहिलं. आता ओझेला काहीतरी म्हणेल, जाऊ दे म्हणेल, अशी आशा तिला वाटली, आणि त्या आशेचीसुद्धा लाज वाटली.

ओझेला पर्स बाजूला ठेवून सावकाश उठली. व्हर्डेलकडे तिनं पाहिलंही नाही. ती खिडकीखालच्या पोरीला म्हणाली, "एकदा नाही, बाळ. दोनदा म्हटली होती मी. मला वाटलं, तिला ऐकू नाही आलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हण." आणि खाली बसली.

पोरीनं कॉर्लिसकडे पाहिलं. कॉर्लिसनं मान डोलावली. पोरीनं छाती भरून श्वास घेतला आणि ओळ पुन्हा उचलली, पार छतापर्यंत.

सगळं चर्च ओठ मिटून बसलं होतं. व्हर्डेल तेवढी उभी होती.