ईस्टरच्या घंटा

जॅक्सन टेक्सासहून वसईतल्या सांडोरला आला तेव्हापासून गॉडफ्रेच्या पडवीत अमेरिकेचं सरकार सकाळच्या चहाबरोबर पडायचं आणि जेवणापर्यंत पुन्हा उभं राहायचं, कारण संध्याकाळी पाडायला काहीतरी नको का? वाडीतली चार रिकामी माणसं येऊन बसत आणि इतकी वर्षं तिकडे राहिलेला हा गृहस्थ त्यांना वॉशिंग्टन समजावून सांगे. गॉडफ्रे कोपऱ्यात बसून ऐके आणि आतल्या आत धुमसे. त्याला थोरल्या भावाच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती. नेमकी ती सोडून जगातलं सगळं ऐकायला मिळत होतं.

ती गोष्ट अशी. वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गॉडफ्रेचा एक गाळा आहे. तिथे पितळेच्या घंटा ओततात, मिस्सेच्या वेळी वेदीपाशी वाजवायच्या, हातात धरायच्या. जॅक्सनचं तिकडे चर्चच्या सामानाचं दुकान. सगळ्या घंटा त्यालाच जायच्या आणि तो पुढे आसपासच्या गावांना पुरवायचा. ईस्टरची मोठी ऑर्डर ऑक्टोबरात आली की गाळ्यातल्या माणसांचं अर्धं वर्ष निघायचं. यंदा ऑगस्टात अमेरिकेने भारताच्या मालावर पन्नास टक्के कर बसवला आणि ऑक्टोबर कोरडा गेला. फोन केला की जॅक्सन म्हणे, "बाबांच्या स्मृतिदिनाला येतोयच ना नोव्हेंबरात. समोरासमोर बोलू."

आला. समोरासमोर बसला. आणि बोलला म्हणजे काय, तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच.

"मी आयुष्यभर याच पक्षाला मत दिलं," तो पडवीतल्या मंडळींना सांगत होता. "कमी कर, कमी सरकार, धंद्यात लुडबुड नको. कॉन्झर्वेटिव्ह म्हणजे दुसरं काय? आणि आता आमचेच लोक टॅरिफ लावून टाळ्या पिटतायत. अरे, टॅरिफ म्हणजे करच. तो चीन भरत नाही की इंडिया भरत नाही. माझ्या दुकानात मेणबत्ती घ्यायला येणारी म्हातारी भरते."

"दादा, ते खरंय," गॉडफ्रे म्हणाला. "पण ईस्टरचं—"

"थांब, मुद्दा पुढेच आहे. चीनला धडा शिकवतो म्हणाले. म्हटलं शिकवा, मीच तुमच्या बाजूने पहिला. तर चीनने त्या दुर्मिळ खनिजांची नाडी जरा आवळली आणि यांचे पाय लटपटले. बसले वाटाघाटीला, उतरवला चीनचा कर. दोस्ताला मात्र पन्नास टक्के तसेच. म्हणजे आज चीनच्या मालावर आपल्यापेक्षा..." इथे तो जरासा अडखळला. "तुमच्यापेक्षा कमी आहे."

मंडळींनी माना डोलावल्या. गॉडफ्रेचीही मान डोलली, कारण जॅक्सनचं एकही वाक्य खोटं नव्हतं. पंचाईत तर तीच होती. खोटं बोलणाऱ्याशी माणूस भांडू तरी शकतो.

पहिल्याच दिवशी गॉडफ्रेने नव्या घंटेचा नमुना जॅक्सनच्या कपाशेजारी आणून ठेवला होता. मूठ बदललेली, कडा जरा जाड, आवाज आधीपेक्षा गोड. जॅक्सनने ती उचलून वाजवूनसुद्धा पाहिली नाही. रोज चष्मा काढला की तो तिच्या मुठीला अडकवून ठेवायचा. गॉडफ्रेला ते पाहून असा संताप यायचा की चष्मा उचलून केळीत भिरकावून द्यावा.

तिकडे गाळ्यावर जयराम वेगळ्याच घाईत होता. हा जूचंद्र गावचा माणूस, गाळा उघडला तेव्हापासून गॉडफ्रेबरोबर. त्याने ओळखीतून एका देवस्थानाचं काम आणलं होतं, नवं मंदिर, मोठ्या घंटा, लहान घंटा, भरपूर. पण भट्टी एक आणि माणसं तीच. ईस्टरचा माल करायचा तर मंदिराचा होत नव्हता.

"शेठ, कोनाची वाट बघतो आपन?" जयरामने विचारलं. "देवस्थानाचा मानूस रविवार संध्याकाळपर्यंत थांबतो म्हनाला. मग तो भाईंदरच्या कारखान्याकडे जानार."

"भाऊ आहे रे माझा. त्याला टांग कशी मारू?"

"मग विचारा ना त्याला."

"विचारतोय."

"तुम्ही विचारता कुठे?" हे घरी गॉडफ्रेची बायको क्लेमेंटीन म्हणाली. ती बाबांच्या स्मृतिदिनाला, म्हणजे रविवारी, प्रार्थनेनंतर वाटायचे चणे निवडत बसली होती. "तुम्ही नुसता घसा खाकरता, आणि भावोजी सिनेटमध्ये जाऊन बसतात. हो की नाही, एवढंच विचारायचं. त्याला इतके सायास?"

पण थोरल्या भावाला बायकोसमोर, लोकांसमोर आडवं घ्यायची गॉडफ्रेला सवय नव्हती. शुक्रवारी त्याने जॅक्सनला एकट्याला बागेत गाठलं, तर जॅक्सन केळीच्या घडाकडे बघत अमेरिकेवरच्या कर्जाबद्दल सांगू लागला. शनिवारी गाडीत गाठलं, तर शेजारच्या सीटवरचा जॅक्सन डोळे मिटून घोरत होता. घोरणं खरं होतं की नाही, देव जाणे.

रविवार उजाडला. संध्याकाळी वाडीतली माणसं जमली. बाबांच्या फोटोला हार, पुढे मेणबत्त्या. वाडीतल्या वयस्कर ग्रेसीमावशींनी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगितली. रोझरी संपली की आपल्याकडे ज्याला जे मागायचं ते तो मोठ्याने मागतो आणि सगळे मिळून त्याला जोड देतात. कुणी आजाऱ्यासाठी मागितलं, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. मग जॅक्सनची पाळी आली.

"हे प्रभो, अमेरिकेच्या नेत्यांना सद्बुद्धी दे," त्याने सुरुवात केली. "मित्र कोण आणि शत्रू कोण हे त्यांना कळू दे. कर्ज काढून देश चालवायची त्यांची खोड जाऊ दे. लहान दुकानदाराच्या मानेवर त्यांनी ठेवलेला पाय निघू दे. चीनपुढे त्यांनी जी शरणागती..."

मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या. लोक चुळबुळू लागले. ग्रेसीमावशींनी शेवटी टेबलावरची घंटा उचलली, तिला अडकवलेला चष्मा बाजूला काढला आणि घंटा खणखणीत वाजवली. "प्रभूला कळलं, बाळा. पुढचा कोण?"

तो आवाज घरात पहिल्यांदाच घुमला. खूप वेळ घुमत राहिला. जॅक्सनने मान खाली घातली.

पुढचा गॉडफ्रे होता. त्याने ठरवून काहीच केलं नाही. आठ दिवस गिळलेलं आपोआप वर आलं.

"हे प्रभो, ईस्टरच्या घंटांची ऑर्डर आहे की नाही हे माझ्या भावाने आज बाबांच्या फोटोसमोर एका शब्दात सांगावं."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले. क्लेमेंटीनचा आवाज सगळ्यांत वर होता.

जॅक्सनने बाबांच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "निघायच्या आदल्या दिवशी मी ती चीनला दिली."

मागच्या बाकावरचे दोन म्हातारे, ऐकायला कमी येणारे, सवयीने म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

गॉडफ्रे उठून बाहेर गेला. केळीपाशी उभा राहून त्याने जयरामला फोन लावला. देवस्थानाला हो सांग म्हणाला.

"शेठ, त्याने दुपारीच विचारलेलं," जयराम म्हणाला. "मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब, आमचे शेठ सांगतील. आत्ताच त्याचा फोन आला. भाईंदरवाल्याशी पक्कं केलं त्याने." मग त्याने विचारलं, "आपला ईस्टरचा माल तरी आहे ना?"

"उद्या ये. मग सांगतो," गॉडफ्रे म्हणाला. त्याने फोन ठेवला.

जॅक्सन मागोमाग आला होता. हातात उकडलेल्या चण्यांची बशी.

"माझ्या हातात काय होतं, गॉडफ्रे? तो कर भरून माझं दुकान बसलं असतं. मनाविरुद्ध केलं मी. चीनचं नाव काढलं तरी मला तिडीक येते, तुला माहीत आहे. हे सगळं वॉशिंग्टनमुळे—"

"ऑर्डर दिलीस त्याचं काही नाही, दादा. धंदा आहे. मीही कदाचित तेच केलं असतं." गॉडफ्रेचा आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "पण आल्या दिवशी सांगितलं असतंस तर माझी भट्टी आज मंदिराच्या घंटा ओतत असती. आठ दिवस माझ्या पडवीत बसून तू मला जगभर फिरवलंस."

"तुला वाईट वाटेल म्हणून—"

"वॉशिंग्टनने पन्नास टक्के सांगितले आणि पन्नास टक्के लावले. त्यांनी मला अंधारात नाही ठेवलं. आणि ते माझे कुणी लागत नाहीत."

पडवीत चणे वाटून झाले होते, बाकं ओढल्याचे आवाज येत होते.

"जॅक्सन, ये रे," कुणीतरी आतून हाक मारली. "ते चीनचं अर्धंच राहिलं सांगायचं."

"जा," गॉडफ्रे म्हणाला. "सांग त्यांना."

जॅक्सन बशी धरून तिथेच उभा राहिला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.