माझ्या कपाळावरचे नाव

मित्रांनो, मी गेवराईचा एक जुना दहाचाकी ट्रक आहे. जुना म्हणालो, म्हातारा नाही. चढावर नवे ट्रक धापा टाकत असतात, तेव्हा मी त्यांच्या शेजारून हॉर्न वाजवत पुढे जातो, आणि याचा मला गर्व आहे.

कारखान्यातून मी उघडाबोडका आलो. गेवराईच्या कारागिरांनी मला लाकडी बॉडी चढवली, पेंटरने दारांवर मोर काढले. माझे मालक भगवानराव. त्यांनी मला नेकनूरच्या हनुमानच्या हाती सोपवले. आमच्याकडे ट्रकच्या कपाळावर मालकाच्या लेकरांची नावे लिहितात. पण हनुमानला मुलगी झाली, तेव्हा भगवानरावांनी स्वतः पेंटर बोलावून माझ्या कपाळावर 'स्वप्नाली' लिहून घेतले. "गाडी तुझीच हाय असं समज," म्हणाले. हनुमानने त्या दिवशी मला अंघोळ घालून हार घातला.

पुढची वर्षे मजेत गेली. सरकी, सिमेंट, मोसंबी, काय म्हणाल ते मी वाहिले. इकडे स्वप्नाली शाळेत जाऊ लागली आणि घरी आलेल्या बापाला पाहुण्यासारखे लाजू लागली. हनुमानला ते फार लागले. गावातल्या शाळेला बसवर ड्रायव्हर हवा होता. गुपचूप निघून जाणे त्याला जमत नव्हते, म्हणून तो मालकांपुढे उभा राहिला.

"मालक, पुढच्या महिन्यापासून शाळेची बस चालवावी म्हणतो. तवर नवा माणूस बघा. त्याला समदा रस्ता दाखवूनच जातो."

भगवानरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "महिना कावून? चावी ठेव अन् आत्ताच नीघ."

एवढ्यावर थांबले असते तरी बरे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना समोर उभे करून 'स्वप्नाली'वर काळा रंग फासायला लावला. हनुमान आपले अंथरूण न्यायला आला होता. त्याने ते पाहिले. माझ्या दारावर हात ठेवला आणि बसस्टँडकडे चालू लागला. मला वाईट वाटले, आणि रागही आला. कपाळ माझे होते, मला कोणी विचारलेसुद्धा नाही.

मालकांना वाटले, आता सोडून जायची भाषा कोणी करणार नाही. खरेच, कोणी केली नाही.

माझा पुढचा ड्रायव्हर युवराज. ऐन चैत्रात आम्ही मोसंबी भरून निघालो. सोलापूरच्या अलीकडे त्याने मला एका ढाब्यावर उभे केले, चावी पुढच्या चाकावर ठेवली आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून गेला. चार-पाच दिवसांनी मालक एसटीने शोधत आले, तोवर ताडपत्रीखाली मोसंबी आंबली होती. माझ्याभोवती माशा घोंघावत होत्या. माझ्यासारख्या ट्रकला हे शोभते का, तुम्हीच सांगा.

मालकांनी तिथूनच फोन लावला. "सांगून गेला असतास तर काय बिघडलं असतं बे?"

"हनुमाननं सांगितलं व्हतं की, मालक," युवराज म्हणाला. "त्याचं काय झालं ते आमी समद्यांनी बघितलंय."

मालक फोन खिशात टाकून माझ्या पायरीवर टेकले.

त्यानंतर परमेश्वर आला. तीन वर्षांनी तोही जातो म्हणाला, पण अंथरूण आधीच बांधून आला होता. मालकांचा चेहरा पुन्हा लाल झाला. मग ते म्हणाले, "महिना पुरा कर. नव्या माणसाला शेजारी बसव." निघताना शाल-नारळ देऊन त्याचा मान केला, आणि परमेश्वरने आपल्या हाताने नव्या ड्रायव्हरच्या हाती चावी ठेवली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मालक होईल. जो तोंडावर सांगून जातो, त्याला मानाने निरोप द्या. त्याचा अपमान केलात, तर त्याच्या मागचा माणूस चावी चाकावर ठेवून जाईल.

भगवानराव माफी मागायला नेकनूरला गेले नाहीत. तेवढे धाडस त्यांना अजून झालेले नाही. पण कालच मला आरटीओच्या पासिंगसाठी रंगवायला काढले होते. पेंटरने काळा रंग खरवडला आणि विचारले, "इथं कोणाचं नाव टाकू?"

"स्वप्नाली."

"तिचा बाप तर कवाच नोकरी सोडून गेला की."

"सांगून गेलता त्यो," मालक म्हणाले. "मोठ्या अक्षरात लिही."

रंग आता वाळला आहे. उद्या मला नेकनूरवरून जायचे आहे, शाळा सुटायच्या वेळेला.