नव्या चिंचेचं सार

माझ्या सासूबाई, नागुबाई, थंडीत गेल्या. जाता जाता त्यांनी मला एक काम सोपवलं आणि ते कधी करायचं एवढंच सांगायचं राहिलं. राहिलं की त्यांनी मुद्दाम ठेवलं, देव जाणे असं म्हणायचीही आम्हा बौद्धांत सोय नाही.

बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावात विहारामागे गायरान आहे. त्यातली चिंचेची जुनी झाडं साऱ्या वस्तीची. कुणाच्या नावावर नाहीत, म्हणून वाटेल त्याने ओरबाडावीत असं मात्र नाही. नागुबाईंच्या घरून नव्या चिंचेच्या साराची वाटी आली, ती घरोघरी प्यायली गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून झाडं झोडपायची आणि घरटी सारखा वाटा घ्यायचा. त्याआधी झाडाला काठी लावायची नाही. खाली पडलेल्या आकड्यांवर, म्हणजे शेंगांवर, तेवढी पोराटोरांची चैन.

बरं, दिवस ठरलेला असेल तर तेही नाही. गेल्या साली शिमग्यालाच सार झालं. त्याच्या आदल्या साली चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली तरी झाडं तशीच उभी. मी विचारलं की आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "कळतंय की." काय कळतंय, कसं कळतंय, असं विचारलं की चूल फुंकायला लागायच्या. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाल्या, "महामाया, साराचं आता तू बघ." मी रडत रडत हो म्हटलं. रडताना माणूस कशालाही हो म्हणतं.

यंदा आकडे भरले तशी मी झाडाखाली चकरा मारायला लागले. माझी जाऊ समीक्षा म्हणाली, आकडा हलवला की आत चिंचोका वाजला पाहिजे. वाजला. मारोतीमामा वस्तीतले सगळ्यात वडीलधारे, ते म्हणाले, टरफल अंगठ्यानं फुटलं पाहिजे. एका झाडाचं फुटलं, शेजारच्याचं फुटेना. नवरा, आनंदराज, म्हणाला मोबाईलवर बघ. मोबाईलवर भलत्याच मुलखातली चिंच आणि तिच्यापुढे हसणारी बाई. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ठीक आहे. पण मनालाच काही ठाऊक नसेल तर करावं काय?

त्यात बिलोलीचा व्यापारी येऊन गेला. "आभाळ येऊन राहिलंय, बाई. भिजली की काळी पडती," म्हणाला. झालं. बाया माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच कोठीची किल्ली कमरेला लावून बसले आहे. मला त्यांचा राग आला, आत्यांचा त्याहून जास्त आला, आणि त्या रागातच एका दुपारी मी चिंच भिजत घातली.

गूळ, मिरची, मीठ, जिऱ्याची फोडणी. परातीत वाट्या मांडून निघाले. मारोतीमामांनी माझ्यासमोर वाटी तोंडाला लावली आणि मान हलवली. समीक्षाने लगेच बांबू काढला. घरोघरी माणसं हसली. मलाही वाटलं, जमलं बाई एकदाचं.

शेवटची ओळ हातपंपापलीकडची. मी प्रीतमच्या दारासमोर उभी राहिले आणि दाराला कुलूप. शेजारच्या दारालाही कुलूप. त्याच्या पलीकडेही.

ही सगळी ऊसतोडीला गेलेली घरं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दसऱ्यानंतर प्रीतमची बायको तनुजा लेकरू काखेत घेऊन ट्रकमध्ये चढली, तेव्हा मीच तिच्या हातात भाकरी दिल्या होत्या. पण चिंच बघता बघता माणसं माझ्या डोक्यातून साफ गेली. आता ही वाटी ठेवू कुठं? उंबऱ्यावर ठेवली तर कुत्रं पिणार.

आणि मग आठवलं. आत्या दरवर्षी मला इथे पाठवायच्या. "तनुजाच्या हातात दे. ती पिली का बघूनच ये." दरवर्षी तनुजा वाटी घ्यायची तेव्हा तिच्या हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे ताजे असायचे. आणि ज्या साली जयंती आली तरी सार झालं नाही, त्या साली साखर कारखान्याचा हंगामच लांबला होता.

म्हणजे आत्या झाडाकडे बघतच नव्हत्या.

मी तिथेच कुलपाला म्हटलं, "एवढंच व्हतं तर सांगायला काय झालं व्हतं?" पण खरंच एवढंच होतं का? लोकांना सांगितलं तर म्हणतील, त्यांचा वाटा आपण काढून ठेवू. ठेवतीलही. पण गैरहजर माणसाचा वाटा राखता राखता लहान होतो, हे मी माहेरी पाहिलं आहे. आणि थांबावं तर वर आभाळ. पाऊस आला तर सगळ्यांचीच चिंच जाणार, तनुजाचीसुद्धा. आत्या असत्या तर काय केलं असतं? मी परात घेऊन माघारी वळले.

"सार परत द्या," मी समीक्षाच्या दारात म्हटलं. "मीठ टाकायचं इसरले. बिघडलं ते."

"आम्हाला तर चांगलं लागलं!"

"लागलं असंल. बिघडलंय."

घराघरातून वाट्या काढून घेत निघाले. कुणी हसलं, कुणी चिडलं. आनंदराज मागून धावत आला. "काय करून राहिलीस तू? व्यापाऱ्याला फोन केला न् मी. उद्या टेम्पो येऊन राहिलाय!" त्याच्यामागे निम्मी वस्ती. सगळे मारोतीमामांच्या दारात थांबले, कारण मामांची वाटी रिकामी होती. मामा प्याले म्हणजे सार झालं, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

मामा बाजेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हातपंपापलीकडच्या कुलपांकडे हात केला.

मामांनी तिकडे पाहिलं. मग वाटीत बोट फिरवून चाटलं.

"आळणी हाय," ते म्हणाले. "टेम्पोला न्हाई म्हण, आनंदा."

माणसं पुटपुटत पांगली. मी वाटी उचलायला वाकले तेव्हा मामा हळूच म्हणाले, "म्हातारपण लई वाईट, माय. मीच इसरलो. तुझी सासूबी नवी नवी असताना एका साली मीठ टाकायचं इसरली व्हती."

"मग?"

"मग काय? त्या साली मी तोडीला गेलो व्हतो. माघारी आलो तर चिंच झाडावरच व्हती."