न पोचलेली हाक

वहिनींनी रेडिओचं बटण पुन्हा दाबलं.

"भावजी, याच फेरीत आत या. ऐकताय ना?"

कानात नुसती खरखर.

ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला पाऊस उतरला होता. इकडे डांबर अजून ठणठणीत कोरडं. गाडीला गुळगुळीत टायर होते, कोरड्या रस्त्याचे. आत्ता आत येऊन खाचांचे पावसाळी टायर चढवले तर शर्यत हातात. नाहीतर पुढची अख्खी फेरी तेलावरून चालल्यासारखी. गाडीने कधी आत यायचं ते ठरवणं हे वहिनींचं काम. चालवायची धाकट्या दिराने. आणि टायर बदलणाऱ्यांचे म्होरके वहिनींचे यजमान, ज्यांना सगळी टीम दादा म्हणायची. घरचंच कार्य म्हणा ना.

टीमचे मालक मात्र घरचे नव्हते. ते तरातरा ट्रॅकलगतच्या कठड्यापाशी, वहिनींजवळ आले.

"त्याला ऐकू जात नाहीये?"

"नाही."

"मग आपली दुसरी गाडी बोलवा. मागेच आहे, येऊ का म्हणून विचारतेय. टायर बदलायची जागा एकच आहे आपल्याकडे."

"भावजी येतील."

"न ऐकणाऱ्यासाठी ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं? हा कुठला न्याय?"

वहिनी शेवटच्या वळणाकडे बघत राहिल्या. एरवी त्या प्रत्येक वळणाला दिराशी बोलत. बिचाऱ्याला शिंकायचं झालं तरी तुझी परवानगी लागते, असं दादा चिडवायचे. आणि तरीही मागच्या शर्यतीत त्यांचा अंदाज साफ चुकला होता. त्यांनी गाडी आत न बोलावता ट्रॅकवरच ठेवली आणि जिंकलेली शर्यत हातची गेली. वार्ताहरांनी खोदून खोदून विचारलं, चूक कुणाची? धाकटे म्हणाले, "निर्णय आमचा होता." आमचा. घरी आल्यावरही त्यांनी चकार शब्द काढला नाही.

वहिनींनी दुसऱ्या गाडीला सांगितलं, "तुम्ही पुढच्या फेरीत या. जागा भरलेली आहे."

"भरलेली?" मालकांनी रिकाम्या जागेकडे हात केला. "आणि तो आला नाही तर?"

"तर दोन्ही गाड्या मी घालवल्या, असं सांगा सगळ्यांना."

दादांनी तिकडून हात वर करून विचारलं, "टायर कुणाचे?"

"भावजींचे!"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सगळी माणसं टायर घेऊन रिकाम्या जागेभोवती गुडघ्यावर बसली. शेजारच्या टीममधलं कुणीतरी हसलं.

शेवटच्या वळणावर गाडी दिसली. सरळ निघाली, अगदी सरळ, जणू आत येणारच नाही. मग तिचं नाक आत वळलं.

गाडी थांबली. चाकं निघाली, चढली. दादांचा हात खाली आला आणि गाडी गेली, तोच पहिला थेंब वहिनींच्या मनगटावर पडला.

त्यानंतर पुढच्या दोघांची बर्फावर पाय पडल्यासारखी घसरगुंडी झाली, आणि धाकटे त्यांना ओलांडून जे गेले ते कुणाच्या हाती लागले नाहीत. मालकांनीही टाळ्या वाजवल्या. जरा उशिरा, एवढंच. दुसऱ्या गाडीचा चालक पार मागे पडला होता. वहिनी आधी त्याच्याकडे गेल्या, त्याची माफी मागितली, मगच दिराकडे वळल्या.

धाकट्यांनी हेल्मेट काढलं. केस घामाने चप्प बसलेले, चेहरा फुललेला.

"वहिनी, कमाल केलीत आज!"

"मी काय केलं?"

"एरवी कानाशी अखंड टकळी असते तुमची. आज समोर पाऊस दिसतोय आणि तुम्ही गप्प! येतोय म्हणालो, तरी गप्प. म्हटलं, रुसल्या की काय? मग उमगलं. वहिनींनी आज माझ्यावर सोडलंय." ते एकदम ताठ उभे राहिले. "आणि आत आलो, तर माझेच टायर घेऊन सगळे तयार."

"अरे, तो रेडि..." दादांनी तोंड उघडलं.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दादा वाकून एक टायर उचलू लागले.

"बरोबर ठरवलंत, भावजी."

"मग पुढच्या शर्यतीतही असंच?"

वहिनींनी कानावरचा रेडिओ उतरवला आणि कठड्यावर ठेवला.

"पाऊस आला की कधी यायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "आम्ही टायर घेऊन बसतो."