सुपातले दोन ढीग

कारभारीण गेली हे म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नाही, त्यानं ते लांबून पाहिलं. शेताच्या टोकाला तो बांध घालत होता. मान वर केली तर दारात बायका गोळा झालेल्या आणि सून शेजारणीच्या गळ्यात पडलेली. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्याला लांबची माणसं ओळखू यायची. फावडं तिथंच टाकून तो धावला.

ओसरीवर मोहरी निवडता निवडताच ती कलंडली होती. तोंड पाहायला म्हातारा वाकला, तशी ती पुसट झाली. मागे सरकून पाहावं लागलं. पुढ्यात सूप होतं, सुपात दोन ढीग. तिला नीट निजवायला जागा हवी म्हणून त्यानंच सूप उचललं आणि डब्यात उपडं केलं.

महिन्यानं पेरणी आली. सुनेनं डबा उघडला.

"मामंजी, ह्यात निवडलेलं कुठलं नि राहिलेलं कुठलं?"

म्हाताऱ्यानं डब्यात हात घालून मूठभर दाणे काढले. दोन्ही ढीग एक झाले होते.

मोहरीत काटेधोत्र्याचं बी येतं. तेवढंच, तसंच काळं, फक्त अंगानं खरबरीत. ते तेलात गेलं की पाय सुजतात, माणूस दगावतं. घरचं तेल आणि पेरणीचं बी, दोन्ही कारभारणीच्या नजरेखालून जायचं. सुनेला शिकवायचं राहून गेलं. आता फरक ठाऊक होता एकट्या म्हाताऱ्याला. नुसतं सांगून तो उमगत नाही, दाणा वेचून दाखवावा लागतो, आणि त्याच्या घट्टे पडलेल्या बोटांना तो कळत नव्हता.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "बाबा, भिंग लांबचं बसवू की जवळचं?"

"लांबचंच बसवा," कारभारीण मध्येच बोलली होती. "जवळचं बघायला मी आहे की! ह्यांना जवळचं दिसलं तर माझ्या सुरकुत्या मोजत बसतील."

डॉक्टरसुद्धा हसले होते.

जवळचा चष्मा घरात होता. तो लावून म्हातारा बसला. दाणे मोठे दिसले, पण कडा विरघळलेल्या, मधोमध धुरकट डाग. पुन्हा डॉक्टरांकडे गेला.

"भिंग जागेवर आहे, स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मागचा पडदा साखरेनं खराब झालाय. चित्र त्याच्यावर उमटतं ना."

"मग पडदा बदला."

"तो बदलता येत नाही, बाबा. आहे तेवढा जपायचा."

"लांबची माणसं दिसतात की मला!"

"माणूस केवढा, मोहरी केवढी?"

म्हाताऱ्यानं चष्मा खिशात टाकला आणि तो उठला.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, विकतचं बी आणतो. हे टाकून देऊ."

"तिच्या हातचं आहे ते."

"पण निवडणार कोण?"

म्हातारा सूप घेऊन उजेडात बसला. सून पाणी घेऊन आली, तेव्हा कडेला पाच दाणे वेगळे काढलेले होते.

"हे धोत्र्याचे? कसे ओळखलेत?"

"नाही ओळखले," म्हातारा म्हणाला. "नुसतं बसवत नव्हतं."

तिनं ते पाच दाणे परत सुपात ढकलले. आजूबाजूची शेतं पेरून झाली आहेत. ह्यांची मोहरी अजून निवडायची आहे.